देणगी किती द्यावी, हा नंतरचा प्रश्न

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत वडिलांनी सुरू केलेलं प्रेस-शॉप, म्हणजे धातूचे सुटे भाग दाबून काढणारा कारखाना, आता मी सांभाळतो. सहा पॉवर प्रेस, थोडं वेल्डिंग, चाळीस कामगार. त्यातले पंधरा कंपनीचे, बाकीचे गुत्तेदाराचे. उलाढाल नऊ कोटींच्या आसपास, नफा साधारण तीस लाख. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा कायदा मला लागू होतो का? होत नसेल तर नफ्यातले किती टक्के समाजासाठी काढावेत? वडिलांच्या नावाने ट्रस्ट काढावा असं घरच्यांचं म्हणणं आहे. आणि खरी अडचण अशी, की शेजारचे कुणीच नियम पाळत नाहीत आणि रेट कमी लावतात. आपण नीतीने धंदा करून टिकायचं कसं?

उत्तर : कायद्याचं आधी सांगतो, कारण ते दोन वाक्यांत संपतं. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 लागू व्हायला मागच्या वर्षी कंपनीची नक्त मत्ता (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक तरी भरावं लागतं. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. त्यामुळे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

तरीही तुम्ही टक्का विचारलाय, म्हणून तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. तीस लाखांचे 2 टक्के म्हणजे साठ हजार. एवढे तुम्ही आजही खर्च करत असाल. गणपती, शिवजयंती, गावचा सप्ताह, शाळेला कपाट यातच साठ हजार होतात. आता दुसरा हिशेब करा. गुत्तेदाराच्या पंचवीस पोरांना ओव्हरटाइम डबल मिळतो की सिंगल? कायद्याने दुप्पट दर आहे. वाळूजच्या बहुतेक लहान शेडमध्ये मी सिंगलच पाहत आलोय. समजा तासाला साठ रुपये पडतात आणि प्रत्येक जण महिन्याला तीस तास जादा थांबतो. प्रत्येक तासामागे साठ रुपये कमी दिले, तर महिन्याला पंचेचाळीस हजार आणि वर्षाला पाच लाख चाळीस हजार होतात. तुमच्या तीस लाखांच्या नफ्यात हे पाच लाख चाळीस हजार बसलेले असतील, तर त्यातले साठ हजार देऊन तुम्ही समाजसेवा करताय असं मी तरी म्हणणार नाही. ती दुसऱ्याच्या पैशातली वर्गणी झाली.

म्हणून माझं म्हणणं असं, की टक्का ठरवायच्या आधी नफा कुणाकुणाचा आहे ते तपासा. लहान उद्योजकाची सामाजिक जबाबदारी नव्वद टक्के त्याच्या शेडच्या आतच असते: हजेरीच्या रजिस्टरमध्ये, प्रेसच्या पेडलपाशी, आणि कुणाचं बिल किती दिवस टेबलावर पडून आहे यात. उरलेली दहा टक्के गेटबाहेर.

सुरुवात प्रेसपासून करतो, कारण तिथे चुकलं तर भरून येत नाही. वाळूज-चिकलठाण्यात उजव्या हाताची दोन बोटं नसलेला माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही. चहाच्या टपरीवर उभं राहिलात तरी दिसेल. तुमच्या सहा प्रेसपैकी किती जुन्या की-क्लचवाल्या (चावीसारख्या लोखंडी तुकड्याने, म्हणजे ‘की’ने जोडल्या जाणाऱ्या) आहेत आणि किती हवेच्या दाबावरच्या न्युमॅटिक क्लचच्या, हे तुम्हाला माहीत असणारच. लोक सेफ्टी सेन्सर, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा (लाइट कर्टन) बसवतात आणि निर्धास्त होतात. पण की-क्लच प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्ये थांबत नाही. पडद्यात हात आला हे सेन्सरला कळून उपयोग काय? त्या प्रेसवर डायलाच (साच्यालाच) बंदिस्त गार्ड हवा, किंवा हात आत जाणारच नाही असं फीडिंग हवं: घसरणी, ढकलपट्टी, काही नाही तर चिमटा. झिजलेली ‘की’ आणि ढिली स्प्रिंग यांमुळे प्रेस डबल मारते. माल काढायला हात आत असतानाच दुसरा स्ट्रोक येतो. त्यामुळे की आणि स्प्रिंग बदलण्याची तारीख लिहिलेला कागद प्रेसवर चिकटवलेला असावा. असा कागद मला फार थोड्या ठिकाणी दिसतो. न्युमॅटिक प्रेसला दोन्ही हातांची बटणं आणि सेन्सर दोन्ही लावता येतात. मात्र एक बटण चिकटपट्टीने दाबून बांधलेलं आहे का, हे रात्रपाळीत स्वतः जाऊन बघा.

बांधलेलं सापडलं तर ऑपरेटरवर ओरडू नका, आधी त्याचा रेट बघा. पीस रेटवर काम असेल आणि एक बटण बांधून ठेवल्यावरच टार्गेट पूर्ण होत असेल, तर ती चिकटपट्टी तुम्हीच लावलीय. सुरक्षित पद्धतीने तासाला जेवढे नग निघतात त्यावर टार्गेट ठरवायचं. नग कमी होतील. मग रेट वाढवून मागावा लागेल. त्याबद्दल पुढे बोलतो.

बोट गेलंच तर काय? ईएसआय (राज्य कामगार विमा) असेल तर उपचार होतात, कामावर नसलेल्या दिवसांचा वेतनाच्या 90 टक्के भत्ता मिळतो आणि कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. पगाराच्या हिशेबाने मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के, एवढाच त्याचा खर्च. अपघाताच्या लाभासाठी नोकरीला अमुक महिने झालेले असण्याची अटही नाही, पहिल्या दिवसापासून तो मिळतो. आणि नेमकी तिथेच लबाडी चालते. गुत्तेदार पोराला तीन-चार महिने विनानोंदणीचा ठेवतो, कारण "टिकतोय का ते बघू". मग बोट जातं तेव्हा दुपारी धावपळ करून नोंदणी आणि कागदावर रुजू तारीख आजची. असं करायला तुमचा सुपरवायझर गुत्तेदाराला मदत करतो आणि वर तुमच्यासाठी पैसे वाचवले असं सांगतो. उद्यापासून एक नियम करा: ईएसआय क्रमांक आल्याशिवाय माणूस प्रेसपाशी उभा राहणार नाही. दोन दिवस झाडलोट करू दे, पण तीही नोंद करूनच.

गुत्तेदाराची माणसं ही आपली माणसं नाहीत, असं मनात धरलं जातं. कायद्याने तसं कधीच नव्हतं. गुत्तेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. तुम्ही गुत्तेदाराचं बिल काढताना आधीच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलन घेता का? नुसतं चलन पुरत नाही, त्यासोबत नावांची यादी हवी. एकाच चलनाची झेरॉक्स चार कंपन्यांत फिरते. यादीतली नावं तुमच्या गेटच्या हजेरीशी जुळवा. बँकेतून पगार जातो म्हणून समाधान मानू नका. बँकेत पूर्ण जमा होतो आणि संध्याकाळी गुत्तेदार दीड-दोन हजार परत मागतो, काही ठिकाणी एटीएम कार्डच त्याच्या खिशात असतं. हे शोधायचं तर कामगाराला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारू नका, तो "काही नाही साहेब" म्हणेल. दोघा-तिघांना एकेकटं गाठून मोबाइलवर त्यांचं पीएफ पासबुक उघडायला सांगा. तिथे सगळं दिसतं.

मराठवाड्यात या गोष्टीला जास्त वजन का, तेही सांगतो. तुमच्या शेडमधला पोरगा गेवराई, अंबड, सिल्लोड, नाहीतर जिंतूरकडचा असतो. घरी कोरडवाहू दोन-तीन एकर, त्यात सोयाबीन नाहीतर कापूस. काहींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, मुकादमाची उचल फेडायला. रांजणगाव शेणपुंजी किंवा वडगाव कोल्हाटीला एका खोलीत चौघे-पाचजण राहतात, उन्हाळ्यात पाणी टँकरचं विकत घेतात. त्याच्यामागे दोन महिने बसून खाता येईल एवढं काही नाही, म्हणून तो तुमच्या गुत्तेदाराशी भांडत नाही. उचल देऊन माणूस बांधून घ्यायची मुकादमाची रीत आता कारखान्यांच्या गुत्तेदारांनीही उचललीय: दहा हजार ॲडव्हान्स द्यायचा आणि तो फिटूच द्यायचा नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली. तुमच्या आवारात ती दुसऱ्या नावाने चालू नये, एवढं बघणं तुमच्या हातात आहे. ॲडव्हान्स कंपनीने द्यावा, बिनव्याजी, लिहून, महिन्याला ठरलेल्या कपातीने. त्यापुढे गुत्तेदाराची पकड बरीच सैल होते.

आता बिलांकडे. तुमची टिअर-वन कंपनी, म्हणजे मोठ्या कंपनीला थेट माल देणारा तुमचा ग्राहक, तुम्हाला नव्वद दिवसांनी पैसे देते, ही तुमची तक्रार असणार, आणि ती खरी आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार लहान उद्योगाचं बिल ठरल्या मुदतीत, आणि लेखी मुदत ठरली असली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. करारच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आकारणी वर्ष 2024-25 पासून प्राप्तिकरातही अशी तरतूद आली, की मुदत ओलांडून थकवलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही. हे शस्त्र तुमच्या हातात आहे, पण ग्राहक जाईल या भीतीने तुम्ही ते वापरत नाही. ते मी समजू शकतो. अशा थकबाकीची तक्रार ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे बहुतेक जण संबंध तुटल्यावरच जातात.

पण तुमचा डाय बनवून देणारा टूलरूमवाला, धातूचा मुलामा देणारा प्लेटिंगवाला, ग्राइंडिंग करणारा एकटा माणूस, टेम्पोवाला, यांचं काय? ते तुमच्याकडे बघून नेमकं हेच म्हणत असतात. वरून पैसे आले नाहीत म्हणून खाली थांबवले, हे ऐकायला रास्त वाटतं. प्रत्यक्षात वरून पैसे आल्यावरही खालचे आणखी महिनाभर थांबलेले असतात, कारण मध्ये स्कीम चालू होती म्हणून गाडी बुक केलेली असते. (2010 मध्ये आपल्या या शहरात लोकांनी एकत्र मिळून दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या आणि देशभर कौतुक झालं होतं. गाडी घ्यायला माझी हरकत नाही. पण त्या वर्षी कुणाकुणाच्या टूलरूमची उधारी किती होती, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही.) पाच लाखांच्या आतलं लहान पुरवठादाराचं बिल तीस दिवसांत निघेल असं ठरवा आणि अकाउंटंटला लिहून द्या. कॅश क्रेडिटवर (बँकेच्या खेळत्या कर्जावर) त्याचं थोडं व्याज पडेल. ते व्याज म्हणजेच तुमची खरी सीएसआर, असं मी तर सरळ म्हणेन.

प्लेटिंगचा विषय निघालाच आहे. झिंक प्लेटिंग बाहेर होतं म्हणून त्याचं सांडपाणी तुमचं नाही, असं समजू नका. नगामागे पन्नास पैसे कमी घेणारा प्लेटर ते पन्नास पैसे बहुधा प्रक्रियेतूनच वाचवतो आणि रात्री नाल्यात सोडतो. खाम नदी शहरातून वाहत जाऊन नाथसागराला मिळते. शहराला आणि एमआयडीसीला पाणी येतं ते जायकवाडीचं, म्हणजे त्याच नाथसागराचं. खामच्या पुनरुज्जीवनासाठी गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि उद्योगांनी मिळून चांगलं काम केलंय, व्हॅरॉकसारख्या कंपनीने त्यात पैसा आणि माणसं घातली. पण वरून सफाई आणि खालून ॲसिड, हे किती दिवस चालणार? प्लेटरकडून प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र आणि गाळ कुठे पाठवतो त्याच्या पावत्या मागा. नसतील तर दुसरा बघा, चार पैसे जास्त जातील.

पाण्याच्या बाबतीत इथला उद्योजक बेफिकीर राहूच शकत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. तुमच्या प्रेस-शॉपला पाणी फारसं लागत नाही, त्यामुळे हा मुद्दा तुमच्यासाठी छोटा आहे. शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी बोअरला सोडा आणि कामगारांना घरी दोन कॅन भरून नेऊ द्या. वॉचमनला सांगा, अडवू नको.

हे फक्त कारखानदारीचं आहे असंही नाही. आडतीवर पोत्यामागे कडता (वजनातली कपात) काटणारा, ओलाव्याचं मीटर शेतकऱ्याला न दाखवता "पंधरा आहे" सांगून भाव पाडणारा, युरियासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारणारा कृषी दुकानदार, हे सगळेही गावच्या सप्ताहाला अन्नदान देतातच. मोठ्या मनाने देतात. मी अशा पंगतीला जेवलोही आहे.

उलट उदाहरण द्यायचं तर जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांचं देतो. 1964 मध्ये त्यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, जालन्यातलं गणपती नेत्रालय त्यांच्याच पुढाकारातून उभं राहिलं. लोक नेत्रालयाचं नाव आधी घेतात. माझ्या दृष्टीने आधीचं काम मोठं: लहान शेतकऱ्यांकडून बीजोत्पादन करून घेणं आणि विकलेलं बी उगवणं. बियाण्याच्या धंद्यात बी उगवलं नाही तर पुढचं सगळं दानधर्म व्यर्थ आहे. दुबार पेरणीला उभा राहिलेला शेतकरी तुमच्या दवाखान्याला काय करणार? बीटी कापसावरून पुढे जे वाद झाले ते वेगळे, त्यात मी इथे जात नाही.

तुमचा अवघड प्रश्न शेवटी ठेवला होता: शेजारी पाळत नाहीत, मग आपण टिकायचं कसं? काही वेळा टिकता येत नाही, हे आधी मान्य करू. ज्या नगाचा रेटच सिंगल ओव्हरटाइम (ओटी) आणि विनानोंदणीच्या माणसांवर ठरलाय, तो नग तुम्ही सोडायचा. सगळे नग तसे नसतात. लोक रेट कसा काढतात ते बघा: मटेरियल, अधिक शेजाऱ्याचा जॉब रेट, उणे दहा पैसे. स्वतःचा खर्च कुणी मांडतच नाही. तुम्ही डबल ओटी, पीएफ-ईएसआय, गार्डमुळे कमी निघणारे नग, सगळं धरून प्रत्येक नगाचा खर्च काढा. माझ्या अनुभवात असं केल्यावर चार-पाच नग निखळ तोट्याचे निघतात आणि तो तोटा इतकी वर्षं कामगारांच्या पगारातून भरला जात होता, हे मालकाला पहिल्यांदाच दिसतं. ते घेऊन ग्राहकाच्या खरेदी विभागाकडे जा. मोठ्या कंपन्या आता पुरवठादारांचं ऑडिट करतात, त्यात वयाचे पुरावे, ओव्हरटाइमची नोंद, मशीनचे गार्ड सगळं विचारतात. ऑडिटवाला गार्ड मागतो आणि खरेदीवाला गार्डचे पैसे देत नाही, ही गंमत त्यांच्याच दोन विभागांना एका टेबलावर बसवून दाखवावी लागते. प्रत्येक वेळी रेट वाढतो असं नाही. निम्म्या वेळा वाढतो, निम्म्या वेळा "विचार करू" असं उत्तर मिळतं.

दुसरी मिळकत हळू येते. जिथे पगार पाच तारखेला होतो आणि ओटी डबल असतो, तिथे दिवाळीनंतर माणसं परत येतात. नवा पोरगा शिकेपर्यंत किती माल रिजेक्ट होतो आणि किती डाय फुटतात, त्याचा हिशेब शेजारच्याने कधी केलेला नसतो. तुम्ही करून बघा.

इन्स्पेक्टरच्या पाकिटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते "नियम पाळून टिकणं" यात येतंच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाली. आता लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, आणि जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. रजिस्टर नीट असणाऱ्याला पाकीट द्यावंच लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याला "नाही" म्हणता येतं आणि वाट बघता येते. ज्याचे पंचवीसपैकी दहाच लोक नोंदवलेले आहेत, त्याला ती सोयच नसते. वर्गणीचंही तेच: पावती असेल तर द्या, खात्यावरून द्या. पावती न देता आकडा सांगणाऱ्याला एकट्याने तोंड देऊ नका; औद्योगिक संघटना त्यासाठीच आहे, चारजण मिळून पोलिसांत जा.

हे सगळं जागेवर आल्यावर देणगीसाठी जे उरेल ते तुमच्या कामाच्या जवळच खर्च करा. तीसपेक्षा जास्त माणसं असल्याने तुम्हाला ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के. ते झाडलोट करायला स्वस्तातला पोरगा म्हणून घेऊ नका. त्याला टूलरूममध्ये बसवा, डाय सेटिंग शिकवा. जवळच्या आयटीआयला जुनी पण चालती प्रेस गार्डसकट द्या. ते कपाटापेक्षा उपयोगी पडेल.

ट्रस्टचं मात्र सध्या थांबवा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, प्राप्तिकराची वेगळी नोंदणी, विश्वस्तांमधली भाऊबंदकी, हे सगळं साठ हजारांसाठी परवडत नाही. आधीपासून नीट चाललेल्या संस्थेला द्या, प्राप्तिकरात वजावट देणारी (80जी) पावती घ्या, आणि दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, त्यावर वजावट मिळत नाही. पाच वर्षांनी नफा वाढलेला असेल आणि घरात कुणाला त्यासाठी वेळ असेल, तर वडिलांच्या नावाचा विचार तेव्हा करा.